ढकलली तरी न हललेली गाडी

ती घटना मी विसरलेलो नाही. मी ती विसरावी असं बऱ्याच जणांना वाटत होतं, काहींना अजूनही वाटतं, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण त्यातल्या कशासाठीही वरिष्ठांसमोर मला इतक्या वेळा ‘नाही’ म्हणावं लागलं नव्हतं. आणि भानगड कशाची होती, तर मोटारीच्या ब्रेक ऑइलची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि आमचं रायपूर राजधानी. बंगले कमी, टेबलं कमी, खुर्च्याही कमी. गाड्या मात्र पहिल्या वर्षापासून धडाधड येत होत्या. काही जुन्या जीपगाड्या भोपाळहून वाटणीत आलेल्या, काही कोऱ्या करकरीत. या नव्या गाड्यांचं स्टिअरिंग एका हातानं सहज फिरायचं. त्याला पॉवर स्टिअरिंग म्हणतात आणि त्याचं वेगळं, लाल रंगाचं ऑइल असतं, हे आमच्याकडे अनेकांना तेव्हा पहिल्यांदाच कळत होतं. जुन्या जीपला तो प्रकारच नव्हता.

मी तेव्हा अभनपूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. घर रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यात; पारा म्हणजे मोहल्ला. आमची मंडळी भोसल्यांच्या राजवटीपासून तिथली. घरी मराठी, ठाण्यात हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी, अशी तिन्ही भाषांत माझी नोकरी झाली.

विश्वकर्मा पूजा, म्हणजे इकडची यंत्रांची आणि गाड्यांची पूजा, होऊन थोडेच दिवस झाले होते. भर सकाळी, बाजाराच्या दिवशी, त्या नव्यांपैकी एक सरकारी गाडी रायपूरकडून आली आणि कर्कश हॉर्न वाजवत सरळ बाजारात घुसली. गर्दी चुकवायला ड्रायव्हरने ती एका बाजूला काढली, सायकलवरच्या एका शाळामास्तरांना तिचा धक्का लागला आणि गाडी पुलियाच्या, म्हणजे लहान पुलाच्या, कठड्याला जाऊन आदळली. मास्तरांचा पाय मोडला. जमावाने ड्रायव्हरला बाहेर ओढलं. आमचे शिपाई वेळेवर पोचले म्हणून तो जिवंत ठाण्यात आला.

ड्रायव्हर आपलाच, मराठी. वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेले, हा इथेच वाढलेला. कपाळावरचं रक्त रुमालाने दाबून धरलेलं. मी विचारायच्या आत म्हणाला, “साहेब, मी ब्रेक मारला होता. पाय पूरा खाली गेला, पन गाडी थांबलीच नाही. दोनदा मारला, तिनदा मारला. काईच नाही.”

ब्रेक फेल झाला, हे प्रत्येक अपघातातला प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. मी खोटं बोलणारे एवढे पाहिले आहेत की मला त्यांची सवय झाली आहे. खोटं बोलणारा तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, आपलं म्हणणं पटलं का ते तपासतो. हा माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता.

नियमाप्रमाणे मुलाहिजा करून घेतला, म्हणजे डॉक्टरी तपासणी. दारू प्यायलेला नव्हता. गुन्हा नोंदवला, गाडी जप्त केली. दुसऱ्या दिवशी परिवहन खात्याचे निरीक्षक आले. गाडीचं नाक चेपलं होतं, पण इंजिन सुरू होत होतं. त्यांनी पायाने ब्रेक दाबून पाहिला, कडक लागला. आवारात चार हात गाडी पुढे नेऊन ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी अहवालात लिहिलं, ब्रेक चालू स्थितीत. झालं! ड्रायव्हर खोटारडा ठरला.

त्याच दुपारी वरिष्ठांचा फोन आला. “नई गाड़ी है, ब्रेक ठीक है, दारू नहीं पी थी तो झपकी आई होगी। बयान में लिखवा लो और चालान पेश करो। नया राज्य है, रोज़ अख़बार में सरकारी गाड़ी अच्छी नहीं लगती।”

चालान म्हणजे इकडे आरोपपत्र. मी म्हटलं, तपास चालू आहे.

ती गाडी ज्या सरकारी गाडीखान्याची होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला भनपुरीत, तिथूनही ड्रायव्हरला निरोप गेला होता. गाडी चालवताना डुलकी लागली असं लिहून द्यायचं, कोर्टात किरकोळ दंड होईल, नोकरी आम्ही सांभाळू. लिहून दिलं नाही तर नोकरीही जाईल आणि लायसन्स रद्द करायची शिफारसही जाईल. ड्रायव्हरचं लायसन्स गेलं म्हणजे त्याचे हातपायच गेले. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि त्याला दुसरं काही करायचंही नव्हतं.

जामिनावर सुटल्यावर तो बायकोला घेऊन ठाण्यात आला. मी त्याला निरोपाचं विचारलं. त्याने बायकोकडे पाहिलं. तीच म्हणाली, “साहेब, हे झोपले नोते. यायले दुपारी घरीसुद्धा झोप लागत नाही, गाडीवर काहून लागन?”

“पण ताई, लिहून दिलं तर नोकरी वाचते म्हणतात.”

“वाचते ना. मंग उद्या यायच्या गाडीत कोन बसन? झोपनारा ड्रायव्हर म्हनून पोट्टे हसतीन आमच्या पोरीले शाळेत.” तिने नवऱ्याकडे पाहिलं. “तुमी सही केली तर मी घरात घेनार नाही, सांगून ठेवते.”

ड्रायव्हर पहिल्यांदा हसला. मला म्हणाला, “आता सांगा साहेब, कोनाले भ्यावं मी?”

मला त्या दोघांचा अभिमान वाटला. स्पष्टच सांगतो. पोलिसाने असं काही वाटून घेऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे.

पण अभिमानावर तपास चालत नाही. पुरावा लागतो. तो आमच्या आवारातच उभा होता आणि आम्ही त्याला रोज ओलांडून जात होतो.

झालं असं की एक जप्त ट्रॅक्टर आवारात घ्यायचा होता, म्हणून ती गाडी बाजूला करायला सांगितली. शिपाई ढकलायला लागले. गाडी हलेना. आणखी दोघे आले. सगळ्यांचे चेहरे लाल झाले, गाडी इंचभर सरकली आणि पुन्हा उभी. आमचे हवालदार कमरेवर हात ठेवून म्हणाले, “साहेब, गियर मा हवय का?”

मी स्वतः आत बसून पाहिलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती. हँडब्रेक खाली होता. जमीन सपाट होती. तरी चारही चाकं कुणी आतून धरून ठेवल्यासारखी घट्ट.

मी तिथेच थांबलो. ब्रेक लागला नाही म्हणणारा ड्रायव्हर, ब्रेक उत्तम आहे म्हणणारा अहवाल आणि ब्रेक सोडायलाच तयार नसलेली गाडी. या तिघांत खोटं बोलून काही मिळवायचं नव्हतं ते फक्त गाडीला.

मग खबर आली. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात क्रेन चालवणारा एक जण माझ्या ओळखीचा होता. रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणं हा त्याचा धंदा. अपघाताची बातमी त्याच्या कानावर गेली होती. तो फोनवर आवाज दाबून म्हणाला, “साहब, मेरा नाम मत लेना। जिस यार्ड की गाड़ी आपके यहाँ खड़ी है, उसी यार्ड की एक और गाड़ी मैं पूजा के बाद उठाकर लाया हूँ। चारों चक्के जाम थे, धुआँ निकल रहा था। बड़े साहब बोले, किसी से कहना मत।”

बड़े साहब म्हणजे गाडीखान्याचे प्रमुख. त्यांना मी लहानपणापासून ओळखत होतो. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या गल्लीतच राहायचे, माझ्या थोरल्या भावाचे मित्र. मी त्यांना दादा म्हणत असे. गणपतीत आमच्या घरच्या आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांत वर असायचा.

मी आधी परिवहन निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. ते कुरकुरतच आले. मी म्हटलं, गाडी ढकलून बघा. त्यांनी ढकलली आणि कुरकुर बंद झाली. मग पंचांसमक्ष बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची लहानशी टाकी असते, तिच्यावर कमी-जास्तीच्या खुणा असतात. ऑइल त्या खुणांच्या वर, अगदी गळ्यापर्यंत होतं. आणि रंग? ब्रेकचं ऑइल नवं असताना मधासारखं पिवळसर असतं. हे लालसर, गढूळ. झाकण काढल्यावर आतलं रबर बाहेर आलं ते पुरीसारखं फुगलेलं. निरीक्षक ते पुन्हा बसवायला गेले, बसेना.

“हे मी उघडून बघायला हवं होतं,” ते म्हणाले. सरकारी माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला मानलं पाहिजे. मग त्यांनी समजावून सांगितलं. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल वेगळ्या जातीचं. ते ब्रेकमध्ये गेलं की तिथली रबरं फुगतात. फुगलेली रबरं ब्रेकचा दाब सुटू देत नाहीत. गाडी चालत राहते, ब्रेक चाकाला थोडा थोडा घासत राहतो आणि तापतो. त्यात या गाडीतलं जुनं ब्रेक ऑइल घेतल्यापासून कधी बदललेलंच नसावं. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलसर झालेलं ऑइल तापलं की उकळतं, त्याची वाफ होते आणि पाय सरळ खाली जातो. भनपुरीहून सगळं शहर ओलांडून, गर्दीत ब्रेक मारत मारत अभनपूरपर्यंत येताना नेमकं तेच झालं असणार. गार झाल्यावर वाफ विरते, ब्रेक पुन्हा कडक लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणीत सगळं ठीक दिसलं. त्यानंतर उभ्या गाडीत रबरं आणखी फुगत गेली, त्या वेळी दाबलेल्या ब्रेकचा दाब सुटला नाही आणि चाकं धरली गेली.

ऑइलचे नमुने बाटल्यांत घेतले, लाख लावून सील केले, प्रयोगशाळेकडे पाठवले. फुगलेलं रबरही जप्त केलं. आणि दादांना बयानासाठी बोलावलं.

ते आले ते पाहुणे आल्यासारखे. खुर्ची ओढून बसले. “काय रे, वहिनीले सांगून आलो, तुझ्या ठाण्याचा चहा पिऊन येतो म्हनून.”

चहा पाजला. मग विचारलं, “दादा, या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?”

“अरे, आमच्याकडे कमी पडूच देत नाही. जरा उतरलं की लगेच भरतो.”

“भरता ते कळलं. बदललं कधी?”

त्यांनी कप खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. आमच्याकडची रीतच तशी. कमी झालं की वरून ओतायचं, पातळी पुरी दिसली की काम झालं. जुनं सगळं काढून नवं घालायचं असतं, हे कुणाच्या गावी नव्हतं.

मी रबर आणि झाकण त्यांच्यापुढे ठेवलं. “हे जरा बसवून द्या.”

त्यांनी उचललं. आयुष्य गाड्यांत गेलेला माणूस, हात सराईत. एकदा दाबलं, फिरवून दाबलं, कडेने दाबलं. मग हात थांबले. ते रबर कशाने फुगतं हे त्यांना नक्की माहीत होतं, कारण क्रेनने आणलेल्या गाडीतलं रबरही त्यांनी पाहिलं होतं. मी मुद्दाम आवाज चढवला नाही. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांना आवाज ऐकू येतो, उत्तर येत नाही.

ते म्हणाले, “पूजेच्या दिवशी झालं.”

गाडीखान्यात त्यांनीच घालून दिलेला रिवाज होता. विश्वकर्मा पूजेला अर्धं भरलेलं काही ठेवायचं नाही. डिझेल, इंजिनचं ऑइल, रेडिएटरचं पाणी, ब्रेकची टाकी, सगळं गळ्यापर्यंत भरायचं. आणि ते भरण्याचा मान प्रमुखाचा, आंघोळ करून, स्वतःच्या हाताने. त्या दिवशी शेवटच्या दोन गाड्या राहिल्या आणि ब्रेकचं ऑइल संपलं. पूजा असल्यामुळे भनपुरीतली सगळी दुकानं बंद. पंडितजी मुहूर्त निघून जाईल म्हणून ओरडत होते. समोर लाल ऑइलचा कोरा डबा होता.

“मले वाटलं, ऑइलच तर हाय. नवं, चांगल्या कंपनीचं. देवापुढं रिकामं ठेवण्यापरीस बरं.”

“आणि तुमच्याकडची दुसरी गाडी जाम झाल्यावर?”

त्यांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं.

“तेव्हा कळलं ना दादा?”

“कळलं. ती जाम झालेली गाडी यार्डातच साफ करून घेतली. ही ड्युटीवर होती.”

“मग परत का नाही बोलावली?”

“काय सांगून बोलावू? मी पूजेत चूक केली म्हनून सांगू, साऱ्या पोट्ट्यांसमोर?” त्यांचा आवाज चढला. “वापस आली की करून घेईन म्हनलं. एक-दोन दिवसाची तं गोष्ट होती.”

“आणि अपघात झाल्यावर ड्रायव्हरला डुलकी लागली म्हणून लिहून मागितलंत.”

त्यांनी रबर टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, “तू आपल्या पाऱ्यातला. माझी नोकरी किती राहिली हाय तुले मालूम हाय. आपल्याच माणसाले असं करशील?”

मला राग आला. आजही येतो. “दादा, ड्रायव्हरही आपलाच आहे,” मी म्हटलं. “आणि नसता, तरी.”

पूजेत केलेली चूक मी समजू शकतो. घाईत, श्रद्धेत, माणसाकडून होते. पण धूर निघालेली गाडी डोळ्यांनी पाहून तीच खोट असलेली दुसरी गाडी रस्त्यावर धावू देणं, आणि मग तिच्यातल्या माणसावर खापर फोडणं, याला मी चूक म्हणत नाही. त्याला कायद्यात दुसरा शब्द आहे आणि मी तोच लिहिला.

वरिष्ठांनी बोलावून घेतलं. समोर उभं करून सांगितलं की ड्रायव्हरचं चालान पेश करा आणि ऑइलबिइलचा विषय बंद करा. मी म्हटलं, “सर, लिखित आदेश दे दीजिए।” ते काय कुणी देतं? मी सलाम करून परत आलो आणि झालेलं बोलणं रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या दैनंदिनीत, माझ्या हाताने नोंदवलं. ठाण्याची लिखापढी करणाऱ्या मुनशींनी पेन खाली ठेवून मला विचारलं, “साहब, सच में लिखना है?” म्हटलं, मी लिहितोय ना, तुम्ही फक्त क्रमांक टाका.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. ब्रेकच्या ऑइलमध्ये दुसऱ्या जातीचं ऑइल आणि पाणी, दोन्ही. ड्रायव्हरविरुद्धचं प्रकरण बंद करण्याचा अहवाल मी कोर्टात दिला आणि गाडीखान्याच्या प्रमुखांवर चालान पेश केलं. पाय प्लास्टरमध्ये घेऊन मास्तरही आले होते. त्यांनी कोर्टात सांगितलं की धक्का लागायच्या आधी काचेतून आपल्याला ड्रायव्हर दिसला, तो सीटवरून अर्धा उठून पायावर उभा होता. झोपलेला माणूस असा उभा राहत नाही.

महिन्याभरात माझी बदली बस्तरकडे झाली. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय. मी सामान बांधलं आणि गेलो. बदलीला घाबरायचं असतं तर मी शिक्षक झालो असतो, असं घरी म्हणालो, आणि माझी शिक्षिका बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दादांना शिक्षा झाली. फार नाही, पण झाली. आज ते म्हातारे आहेत, मीही आहे. ब्राह्मणपाऱ्यातल्या गल्लीत समोरासमोर आलो की ते दुसऱ्या बाजूला बघतात. पाऱ्यातले काही लोक मला अजून ऐकवतात, घरच्या माणसाला जेल दाखवला. हो, दाखवला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा दाखवीन.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते वाचकांना सांगणं माझं काम आहे. पहिलं गाडीचं. ब्रेकचं ऑइल गाडी चालो वा उभी राहो, साधारण दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं घालावं. वरचेवर पातळी उतरत असेल तर भरून समाधान मानू नये, गळती शोधावी. स्टिअरिंगचं ऑइल काळं पडलं, जळका वास आला किंवा स्टिअरिंग जड होऊन कुरकुरू लागलं की दाखवावं, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदलावं. आणि एकाचं ऑइल दुसऱ्यात, देव समोर उभा राहिला तरी, घालू नये. दुसरं माणसांचं. आपल्याकडे कार्यालयंही अशीच चालतात. आतलं नासलेलं तसंच ठेवायचं आणि वरून नवं ओतायचं. पातळी पुरी दिसते. तपासणाऱ्याने झाकण उघडलं पाहिजे, बाकी काही नाही.

आता राहिला तो ड्रायव्हर. कोर्टातून सुटल्यावर कार्यालयाने त्याला परत घ्यायची तयारी दाखवली. फक्त एक अर्ज द्यायचा होता, यापुढे काळजीपूर्वक गाडी चालवीन. त्याने तो अर्ज परत केला. “यापुढं म्हंजे? यामागं मी काय केलं?” एवढंच तो म्हणाला. वर्षभर त्याने भनपुरीत लोकांचे ट्रक चालवले, पण अर्ज दिला नाही. शेवटी त्यांनी त्याला अर्जाशिवाय परत घेतलं.

निवृत्तीनंतर मी रायपूरला परतलो तेव्हा तोही निवृत्त झाला होता. त्याने स्वतःची जुनी टॅक्सी घेतली होती. विश्वकर्मा पूजेला मला घरी बोलावलं. गाडीला हार, बॉनेट उघडं, समोर उदबत्ती. मी वाकून ब्रेकची टाकी पाहिली. मधाच्या रंगाचं, स्वच्छ ऑइल, बरोबर खुणेवर. वर बरीच जागा रिकामी.

शेजारचे एक गृहस्थ प्रसाद घेता घेता म्हणाले, “भैया, पूजा में टंकी आधी? अच्छा नहीं लगता।”

ड्रायव्हर काही बोलणार तेवढ्यात त्याची बायको हातातलं ताट तसंच धरून पुढे आली. “देवाले चालते,” ती म्हणाली. “आमी भरत नाही, बदलतो. आन ज्याले चालत नसन, त्यानं आमच्या गाडीत बसू नये.”

मी प्रसाद खाल्ला आणि त्या गाडीत बसूनच घरी आलो.